टाकीच्या झाकणाचं भोक

लडाखमधल्या त्या पोस्टवर मी ईएमईचा हवालदार होतो, म्हणजे बिघडलेली यंत्रं माझ्या गळ्यात. बर्फ उपसून फेकणारा स्नो ब्लोअर नाईक देवराव कुमरे चालवायचा. मी वर्ध्याकडच्या तळेगावचा, तो तिथल्याच बोरगाव मेघेचा. गावी आमची ओळखही झाली नसती. तिथे तो मला भाऊ म्हणायचा.

आदल्या दिवशी जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन झालं. त्यासाठी ड्रम, फायर बकेट, रस्त्याकडेचे दगड, सगळं रंगवलं होतं. बर्फ तेवढा सुटला; तो मुळातच पांढरा होता. साहेब "व्हेरी स्मार्ट" म्हणाले आणि चहा न घेता गेले.

सकाळी वरच्या पोस्टवरून एक सिपाही स्ट्रेचरवर आला. फुप्फुसात पाणी. ओठ निळे.

रेडिओ बोलला, "हेलिकॉप्टर दस बजे. उसके बाद मौसम बंद. हेलिपॅड क्लिअर रखो. ओव्हर."

हेलिपॅडवर रात्रीचा कंबरभर बर्फ होता. कुमरेने ब्लोअर सुरू केला. रिकामा झकास चालला. बर्फात घातला की गुदमरून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

सुभेदारसाहेब म्हणाले, "केरोसिन मिलाया है. असली पेट्रोल किधर बेचा, कुमरे?"

कुमरे माझ्याकडे वळला. "भाऊ, हे मले चोर म्हणून राह्यले. तुमी तरी पाहा नं."

मला संशय सगळ्यांवरच होता. तो माझा धंदाच. पेट्रोल हुंगलं. केरोसिनचा वास नाही. प्लग बरा, फिल्टर साफ. मग कार्बोरेटरची वाटी उघडली. कोरडी. आणि टाकी तर काठोकाठ भरलेली.

टाकीचं झाकण नव्याकोऱ्या हिरव्या रंगात चमकत होतं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. रिकाम्या इंजिनाला थेंब थेंब पुरतं, कामाच्या इंजिनाला नाही.

"याचं भोक कुठाय?"

"कालच रंगवलं, भाऊ. दोन हात मारले."

"काऊन?"

कुमरे सुभेदारसाहेबांकडे बघत राहिला. सुभेदारसाहेब आकाशाकडे.

कुमरेने मफलरची सेफ्टी पिन काढून दिली. मी रंग टोचला. टाकीने फुस्स करून श्वास घेतला. त्यानंतर ब्लोअर बर्फ खात सुटला. हेलिकॉप्टर वेळेवर उतरलं. सिपाही वाचला.

"अगली बार ढक्कन छोड़ के पेंट करना," सुभेदारसाहेब कुमरेला म्हणाले. फौजेत याला माफी म्हणतात.

"पिन ठेवजा, भाऊ," कुमरे मला म्हणाला. "पुन्हा साहेब येतीनच."

पुढच्या हिवाळ्यात, हेलिपॅडची वाट मोकळी करताना, कुमरे कोसळलेल्या हिमकड्याखाली गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

आता त्याच्या वस्तीत छोटा स्मृतिस्तंभ आहे. दर सव्वीस जानेवारीच्या आधी, पाहुणे येणार म्हणून, तो उत्साहाने रंगवतात. नव्या रंगाचा मला अजूनही भरवसा वाटत नाही. भाषणं संपून मांडव रिकामा झाला की मी जवळ जाऊन बघतो. कोरलेली अक्षरं बुजलेली असतात. मी खिशातली पिन काढतो आणि देवराव कुमरेचं नाव मोकळं करतो.