हात गेला, बोल राहिले

तबल्याला बसताना आज हातांना पावडर चोळली आणि त्या वासासरशी आक्का समोर उभ्या राहिल्या. रत्नागिरीत तबला वाजवणारी पहिली बाई म्हणजे आमच्या आक्का, माझ्या गुरू. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला आणि त्यांनी शिकवणं सोडलं. मन रमावं म्हणून मी त्यांना एका परदेशी सिनेमाला नेलं. बघते तर त्यातल्या म्हाताऱ्या वादकाची बोटं आखडतात आणि तो पियानो कायमचा बंद करतो! बाहेर आल्यावर त्यांच्याकडे बघवेना.

"मेला रडतराव!" आक्का म्हणाल्या. "तोंड आहे ना गो अजून? उद्या ये. मी बोल म्हणते, तू वाजव."

माझा जीव भांड्यात पडला.

सिनेमा चांगलाच होता. त्या म्हाताऱ्याकडे फक्त उद्या येणारं कोणी नव्हतं.