टर्मिनलच्या नकाशातलं दुसरं पाणी

विमानतळाचं टर्मिनल वर्ध्यात बनलं असं सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. बनलं ते कागदावर, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, छप्पन सालच्या नोव्हेंबरात. माझा भाऊ अच्युत मुंबईत आर्किटेक्ट होता. परदेशी विमानं उतरतील अशा टर्मिनलच्या आराखड्याची स्पर्धा निघाली आणि नेमके त्याच वेळी आमचे वडील अंथरुणाला खिळले, म्हणून तो सगळा पसारा घेऊन घरी आला. पेन्सिलीनं तो काढायचा; त्यावर ट्रेसिंगचं कापड टाकून शाईनं पक्की रेघ ओढायला कुणीतरी हवं होतं. ठेकेदार सदाशिवरावांनी आपल्याकडचे श्रावण थूल दीड महिन्यासाठी दिले.

श्रावणजी छत्तीस वर्षांचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरी आम्ही त्यांना सर्रास अरेतुरे करायचो. आता लिहिताना तरी मी ते करणार नाही. त्यांचे वडील तळेगावचे, भिंती बांधणारे; लेक सातवीपर्यंत शिकला आणि भिंतींचे नकाशे काढू लागला. बारा वर्षांत त्यांनी धर्मशाळा, शाळा, जिनिंगच्या शेड, टेशनांवरचे मुसाफिरखाने काढले होते. विमान मात्र फक्त आभाळातच पाहिलेलं. दसऱ्याला नागपूरला जाऊन ते बायकोसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते, त्याला जेमतेम महिना झाला होता.

अच्युत त्यांना टर्मिनल समजावून सांगायचा तेव्हा मी शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत तिथंच बसायची. तो म्हणायचा, इमारत अशी हवी की माणूस दारातून आत आला की कुठं जायचं हे त्याला कुणाला विचारावं लागू नये. सामान खालच्या मजल्यावरून जाईल, माणूस वरच्या. जाणारे आणि येणारे एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. तिकीट, कस्टम, मग एक मोठा हॉल आणि समोर धावपट्टी. पोचवायला आलेल्यांसाठी वर सज्जा. श्रावणजी ऐकून घ्यायचे आणि नेमकं बोट ठेवायचे. अच्युतनं पश्चिमेला अख्खी काचेची भिंत घेतली होती. श्रावणजी म्हणाले, साहेब, मे महिन्यात मानसं भाजून निघतील. अच्युत दोन दिवस फुगून बसला, मग काच उत्तरेला नेली. त्यापायी हमालांच्या ये-जा करण्याचा मागचा बोळ दोनदा बदलला आणि कापडावरची तिथली शाई दोनदा ब्लेडनं खरवडावी लागली.

त्यांचं काम इतकं सुबक होतं की अच्युत एक दिवस सरळ बोलून गेला, नकाशांचं पार्सल वेळेवर पोचलं की जानेवारीपासून तू मुंबईला माझ्या ऑफिसात. त्यांच्या बायकोनं, भागीरथानं, संध्याकाळच्या आत ते साऱ्या वस्तीला सांगितलं आणि पत्र्याची पेटी विकत आणली. श्रावणजी तिच्यावर चिडले म्हणे, पण पेटी काही परत केली नाही.

शनिवारी नकाशे मुंबईत पोचायला हवे होते. गुरुवारी सकाळी इंग्रजी अक्षरं तपासायचं काम माझ्याकडं आलं. मी एकेक नाव वाचत होते. हॉलच्या मधल्या खांबाशी पिण्याचं पाणी होतं, ते बरोबर. मग मागच्या बोळात, हमालांच्या दाराशी, पुन्हा एक लहान चौकोन आणि त्यावर तेच लिहिलेलं. मी आपली सहज म्हणाले, हे मागचं पाणी कुणासाठी?

श्रावणजी वाकून पाहू लागले. ज्या धर्मशाळा, ज्या शाळा त्यांनी बारा वर्षं काढल्या, त्या प्रत्येकीत पाणी दोन जागी असायचं, एक पुढं आणि एक मागं. मागचं त्यांच्या लोकांसाठी. ठेकेदारानं सांगायचीही गरज नसायची. इथं अच्युतनं ते सांगितलं नव्हतं, पेन्सिलीच्या नकाशात ते नव्हतंच.

"बाई," ते म्हणाले, "माही दीक्षा झाली, हाताची राहून गेली."

मी अच्युतला हाक मारली. त्यानं पाहिलं आणि हुश्श केलं. म्हणाला, एवढंच ना? राहू दे. परीक्षकांना वाटेल, हमालांचीही सोय बघितली, उलट दोन मार्क जास्तच देतील. त्या जागी आधीच दोनदा खरवडलंय, आता ब्लेड लावलं तर कापड फाटेल.

"लोकाईले सोय दिसंल, साहेब," श्रावणजी म्हणाले. "मले माहीत हाय ते मी कोनासाठी काढलं."

अच्युतनं हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि पार्सलाची चौकशी करायला टेशनवर गेला. इकडं श्रावणजींनी नवं ब्लेड काढलं. मी समोर उभी होते. एका शब्दानं थांबवू शकले असते, किंवा कर, मी सांगेन भावाला, असं म्हणू शकले असते. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही, नुसती बघत राहिले. ते ब्लेड आडवं धरून हलक्या हातानं खरवडत होते. चौकोन गेला. अक्षरं जाता जाता कापड विरलं आणि अंगठ्याएवढं भोक पडलं.

अच्युत आल्यावर जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. श्रावणजींनी कोरं कापड ताणून बसवलं आणि सारा नकाशा पहिल्यापासून काढला. त्यात चार दिवस गेले. नकाशा देखणा झाला, पाणी एकाच जागी, मधल्या खांबाशी, सगळ्यांसाठी. पण पार्सल उशिरा पोचलं आणि न उघडताच परत आलं. मुंबईची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

डिसेंबरात ते आपली पेनं न्यायला आले तेव्हा अंथरुणावरचे वडील सोडले तर घरात मी एकटीच होते. ते बाहेरच्या ओट्यावर बसले. मला राहवलं नाही, विचारलं, वाईट वाटतं का हो?

"वाटते ना बाई. लय वाटते. भागीरथा रडून राह्यली घरी. पन तो चौकोन तसाच मुंबईले गेला असता, तर मले तिथं जाऊन तोंड दाखवता आलं नसतं."

मग ते म्हणाले, पानी मिळंल का?

दीड महिन्यात त्यांनी आमच्याकडं पहिल्यांदा पाणी मागितलं होतं. रोज दुपारी उन्हातून वस्तीत जाऊन यायचे. आम्हाला वाटायचं, जेवायला जातात. मी लगबगीनं आत गेले. मांडणीवर पितळी पेले ओळीनं पालथे होते आणि मोरीशेजारी, बाहेरच्यांसाठी म्हणून ठेवलेला, ॲल्युमिनियमचा एक. मी, शाळेत मुलींना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई, दोहोंच्या मधे थांबले. फार नाही, चार श्वासांइतकी. मग पितळी पेला उचलला, भरला आणि वळले. मधलं दार उघडंच होतं, आणि श्रावणजी माझ्याकडं बघत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाणी घेतलं, सगळं प्याले. पेला मात्र माझ्या हातात दिला नाही. ओट्याच्या कडेला ठेवला, येतो बाई म्हणाले आणि पेनांचा डबा घेऊन निघून गेले.