खरंबोले आणि थेंबांचं ॲप

माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आणि खरंबोलेचं मोबाइल दुरुस्तीचं, मध्ये प्लायवूडची एक भिंत. तीही अर्ध्यातच संपते, कारण भिंत बांधणाऱ्याचा उत्साह तिथे संपला. त्यामुळे बावीस वर्षं मी शेजाऱ्याचा शब्द न् शब्द ऐकत आलोय. कुणाला हौस असेल तर जागा बदलून घ्यायला मी तयार आहे.

आडनाव त्याचं निराळंच. खरंबोले हे गल्लीनं ठेवलेलं. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करायचं, हा मागचं झाकण काढून भिंगातून बघायचा आणि म्हणायचा, "पाण्यात पडला नाही म्हणता? पडलाय. संडासात पडलाय." दुसऱ्या कुणी 'जरा ओल लागलीय' म्हणून भागवलं असतं. माझ्या मुलीच्या लग्नात हा जावयाच्या आईला म्हणाला, "उंची कमी आहे, पण दात चांगले आहेत." मी चार महिने त्याच्याशी अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पण गल्लीत भांडण झालं की दोन्ही बाजू त्याच्याचकडे यायच्या. खरंबोलेनं सांगितलं म्हटलं की विषय मिटायचा. हे मला आवडत नसे, पण खोटं कशाला सांगू, मीही दोनदा गेलोय.

नदीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला कारखाना आणि इस्पितळ, मध्ये पूल. मागल्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला आणि मुलं उलट्यांनी हैराण झाली. वरून पत्रक आलं की पाणी शुद्ध आहे. आता पाणी शुद्धच असल्यावर ते अशुद्ध आहे असं कुणाला कळवणं ही अफवा झाली, आणि अफवा पकडायला पुलावर चौकी बसली. शिपाई प्रत्येकाचा मोबाइल मागून उलटापालटा करायचे. ज्यातले निरोप तिसऱ्याला वाचता येत नाहीत असं एक ॲप आहे, ते सापडलं की माणूस चौकीमागच्या खोलीत. तिथून पुढे कुठे नेतात हे विचारायला कुणी जात नसे. जो गेला त्यालाही आत घेतलं.

मग लोक खरंबोलेकडे यायला लागले. हे ॲप दुसऱ्या कशाच्या तरी रूपात लपवून दे म्हणायचे. बाहेरून भलतंच काही दिसावं, ठरलेला आकडा टाकला की आतलं उघडावं. तो सगळ्यांना हाकलून द्यायचा. एकदाच बेकरीवाल्याच्या गयावयांना भुलला आणि त्याला पळण्याचा व्यायाम मोजणारं ॲप करून दिलं. बेकरीवाला नव्वद किलोचा. चौकीवरच्या साहेबांनी मोबाइल बघितला, मग त्याच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "पळतोस होय? दाखव पळून." बिचारा पुलाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. सुटला, पण तेव्हापासून शिपाई त्याला रोज पळवतात. सहा किलो उतरलाय. बायको खूश आहे.

"सोंग अंगाला बसलं पाहिजे," खरंबोले मला म्हणाला. "आणि मुळात सोंग करूच नये."

चार दिवसांनी त्याची थोरली बहीण आली. आक्का इस्पितळात नर्स. आई लवकर गेली, याला हिनंच वाढवलेलं. पाण्यानं आजारी पडलेल्यांना इस्पितळाच्या रजिस्टरात 'बाहेरचं खाल्लं' असं लिहायचा हुकूम होता. तीन महिन्यांच्या बाळानंही बाहेरचं खाल्लं होतं. आक्का रजिस्टरात हुकमाप्रमाणे लिहायची, आणि खरी नावं, वयं, पत्ते त्या ॲपवरून परगावच्या एका डॉक्टरीणबाईंना पाठवायची.

"मला लपवून दे," ती म्हणाली.

"आक्का, मी खोटं काम करत नाही."

"मग खरं कर आणि त्याच्यामागे लपव. यात चारशे माणसांची नावं आहेत. माझं सोड रे, मी बघून घेईन. पण उद्या त्यांच्या दारात कोण उभं राहील, कळतं ना तुला?"

त्याला कळलं. भिंतीपलीकडून मलाही कळलं, आणि हातातली किल्ली मी चुकीची घासली.

त्यानं नर्सला शोभेल असं काढलं: सलाईनचे थेंब मोजणारं ॲप. बाटली केवढी, किती तासांत द्यायची हे आकडे भरले की मिनिटाला किती थेंब ते सांगायचं. सोंग असलं तरी ते खरोखर काम करत होतं, आणि यावर स्वारीचा फार जोर. "मी कुठे खोटं बोललो? थेंब मोजतं म्हटलं, मोजतंच की." माणसानं स्वतःची समजूत घालायची ठरवली की वकील लागत नाही. आतलं उघडायला त्यानं असा आकडा निवडला, जो कुणी भरणारच नाही: तासाला अर्धा मिलिलिटर. एवढंसं सलाईन कोण कुणाला देईल?

झालं काय, की ॲप फारच चांगलं निघालं. आक्काच्या हातात मेट्रनबाईंनी बघितलं, आणि बाई कडक. आठवड्याभरात सगळ्या नर्सनी ते घ्यावं असं लेखी निघालं. सरकारी इस्पितळात सरकारी हुकमानं बंदी असलेलं ॲप बसलं, खाली सहीशिक्क्यासकट. आक्काला घाम फुटला, पण नको म्हणायला कारण काय सांगणार?

आणि तासाला अर्धा मिलिलिटर कुणाला देतात, ते आम्हाला कळलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. मूठभर जीव, त्याला औषध असंच मोजून जातं. त्या वॉर्डातल्या एका नव्या नर्सनं सवयीनं आकडा भरला आणि थेंबांच्या जागी निरोपांचं पान उघडलं. पोरीनं घाबरून मोबाइल बंद केला, पण तोंडातून "अगंबाई, हे काय!" निघून गेलं होतं. ते वॉर्डातून जिन्यात, जिन्यातून फाटकावर आणि फाटकावरून चौकीत पोचलं. आकडा मात्र कुणाला कळला नाही, कारण पोरीला विचारलं तर ती रडायचीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटली आणि पुलावर नर्सची रांग लागली. शिपाई एकेक मोबाइल घेऊन मनाला येईल तो आकडा भरत होते. ॲप इमानदारीनं उत्तर देत होतं: एकवीस थेंब, बेचाळीस थेंब. दोन तासांत शिपायांना सलाईन लावता आलं असतं. एकानं तर पुढच्याला हटकलं, "एवढं जोरात? पेशंट मरेल!"

आक्का रांगेत मधोमध उभी होती. मोबाइल हातात, चारशे नावं मोबाइलमध्ये. पुसून टाकावीत तर त्या दिवशीची अजून गेली नव्हती, आणि सगळ्यांच्या देखत मोबाइलला हात लावायची सोय नव्हती. माझा भाचा पुलावरून आला त्यानं हे सांगितलं. खरंबोलेनं ऐकलं आणि हातातला स्क्रू खाली ठेवला. पाचच मिनिटांत साहेब स्वतः दुकानात हजर.

"हे तू केलंस?" त्यांनी मेट्रनबाईंचाच मोबाइल काउंटरवर ठेवला.

"हो साहेब."

"माझे शिपाई दुपारपासून गणितं सोडवतायत. रांग इस्पितळापर्यंत गेलीय, वरून फोनवर फोन येतायत. सगळे मोबाइल जप्त करून शहरात पाठवावेत, तर इस्पितळ ओरडेल. मी गल्लीत चौघांना विचारलं. चौघंही म्हणाले, हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही." साहेबांनी टोपी काढली. दमले होते. "तूच सांग. यात थेंबांशिवाय काही आहे? आहे म्हणालास तर सगळे मोबाइल उघडतो. नाही म्हणालास तर आत्ता रांग सोडतो."

मी भिंतीआड कानस धरून उभा. या माणसाला मी बावीस वर्षं ओळखतो. तो आता खरं बोलणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी मनात त्याला शिव्या घातल्या. त्याच्या त्या खरेपणाला इतक्या वर्षांच्या साठवलेल्या शिव्या घातल्या.

"नाही साहेब," खरंबोले म्हणाला. "थेंब मोजतं, बस."

साहेबांनी हुश्श केलं. फोन लावून रांग सोडायला सांगितली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासारखी चार माणसं असती तर चौकीच लागली नसती."

ते गेल्यावर मी भिंतीच्या संपलेल्या बाजूनं पलीकडे गेलो. तो स्टुलावर बसला होता, तोंड पांढरंफटक. मी पाणी दिलं. आमच्या नळाचं नव्हे, उकळलेलं. विचारलं, "कसं वाटतंय?"

"सोपं असतं रे," तो म्हणाला. "एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं." आणि मग तो ढसाढसा रडला. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

आक्का घरी पोचली, यादीही पोचली. त्या रात्रीत त्यानं ॲपची नवी आवृत्ती पाठवून आतलं दार सगळ्या नर्सच्या ॲपमधून काढून टाकलं आणि आक्काचा आकडा बदलला. इथवर ठीक झालं असतं. पण खरेपणाची कीर्ती अशी सुटू देत नाही. आठ दिवसांनी चौकीतून पत्र आलं. संशयित मोबाइलची पारख करायला निर्भीड आणि सत्यवादी तज्ज्ञ म्हणून यांची नेमणूक झाली होती. नाही म्हणायची सोय पत्रात ठेवलेली नव्हती. तेव्हापासून तो सकाळी दोन तास पुलावर खुर्ची टाकून बसतो. शिपाई मोबाइल दाखवतात, हा निकाल देतो. एकदा मी कुलपं घेऊन पलीकडे चाललो होतो, तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

माझ्यापुढे विशीतला एक अनोळखी मुलगा होता. त्याच्या मोबाइलात हवामानाचं ॲप. शिपायानं ते खरंबोलेपुढे धरलं. हे त्यानं केलेलं नव्हतं, कुठल्या तरी अडाण्याचं काम होतं. भर उन्हात आम्ही उभे, आणि ॲपमध्ये बर्फ पडत होतं. मलासुद्धा दिसलं.

खरंबोलेनं भिंग लावून नीट बघितलं.

"हवामानाचं आहे," तो म्हणाला. "सोडा."

मुलगा गेला. मी वाकून हळूच विचारलं, "कोण रे तो? ओळखीचा?"

"नाही. पण काय भिकार काम होतं, बघितलंस ना? चित्रही धड लावता येत नाही मेल्यांना." आणि मग मुलगा गेला त्या दिशेला बघत म्हणाला, "हात कापत होते त्याचे."