काडी मोडली होती

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण समन्स घरी आल्यावर ते शहाणपण कुठं ठेवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. तारामतीच्या नावानं दोन आले होते. तिचा पहिला नवरा, धाराशिवकडच्या वाशीचा कुमार, यानं तिच्यावर फौजदारी केली होती. म्हणे, माझी बायको असताना हिनं तेरच्या धुळाप्पाशी दुसरं लग्न केलं. दुसरा दावा मुलीच्या ताब्याचा होता. मुलगी म्हणजे करिश्मा, तिसरीत शिकणारी.

आता गंमत बघा. सोडचिठ्ठी मागितली होती ती कुमारनंच. "मला ही नांदवायची न्हाय," म्हणत तो पाहुणेरावळे घेऊन तिच्या माहेरी, ढोकीजवळच्या गावी आला. बिरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली बैठक बसली. तारामतीचे मामा रामहरी हेच मुख्य पंच. त्यांनी ज्वारीच्या धाटाची काडी दोघांच्या हाती दिली. दोघांनी दोन टोकं धरून ती मोडली आणि आपापला तुकडा खांद्यावरून मागं टाकला. "मागं बघू नगस," मामांनी भाचीला बजावलं. मागं बघितलं तर जुना संसार पाठ सोडत नाही, अशी समजूत. पोरगी आईकडं राहील असं ठरलं, कुमारनं मान हलवली आणि सगळे जेवून आपापल्या गावी गेले. कागद कुणी केला नाही. काडीमोड म्हणजे काडीमोड, तिच्या आजीच्याही आधीपासून हे असंच चालत आलेलं.

पुढं तिनं धुळाप्पाशी पाट लावला. धुळाप्पा मेंढरं राखणारा, तोंडात शब्द कमी, पण करिश्मावर जीव टाकायचा. त्यांना मुलगाही झाला. सगळं बरं चाललं होतं. मग तेरच्या यात्रेत कुमारनं करिश्माला धुळाप्पाच्या खांद्यावर बसलेली पाहिलं. पोरगी चारचौघांत त्याला "आप्पा, आप्पा" करत होती. झालं! इतक्या वर्षांत जिला एक फ्रॉक घेतला नाही, तिच्यासाठी बापाचं काळीज एकाएकी तुटायला लागलं.

"ताई, काडीमोड कायदा मानतो," धाराशिवच्या वकीलबाई शिवांजली तिला म्हणाल्या. "पण तुमच्या समाजात ती रूढी आहे आणि त्या दिवशी खरंच काडी मोडली, हे शाबीत करावं लागेल. बैठकीतला माणूस साक्षीला आणा."

तारामतीला हायसं वाटलं. माणसांना काय तोटा, अख्खी बैठक होती!

पण तेवढ्यातच शेजारच्या तालुक्यात एका घराला वाळीत टाकलं म्हणून जातपंचांवर गुन्हा दाखल झाला होता. तो मामला वेगळा, पण भ्यालेल्या माणसाला फरक कोण समजावणार? एका पंचाचे गुडघे एकाएकी आखडले, दुसरा लेकीकडं पुण्याला गेला, तिसऱ्याला काही आठवेना. उरले मामा. तारामतीनं त्यांचे पाय धरले.

"मामा, काडी तुमच्या हातनं दिली तुमी. तेवढंच सांगा."

"सांगतो की. भाचीसाठी एवढं न्हाय करायचं व्हय?"

साक्षीच्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून आले. कुमारच्या वकिलानं एकच विचारलं, "पंच म्हणून निवाडे करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" पंचक्रोशीतले संसार जोडणाऱ्या-मोडणाऱ्या मामांची बोबडी वळली.

"कसली बैठक, साहेब? पाहुण्यात जेवण हुतं. म्या जेवायला गेलतो."

"आणि काडी?" वकीलबाईंनी घाईनं विचारलं.

"काडी... आजकाल कोण मोडतंय, साहेब?"

बाहेर आल्यावर ते तिच्याजवळ आले. "पोरी, म्हातारपणी बेड्या पडल्या असत्या गं."

"आता मला पडतील, मामा," ती म्हणाली. तिला राग आला नाही. घरातलं माणूस मेल्यावर वाटतं तसं वाटलं.

वकीलबाईंनी काही लपवलं नाही. शिक्षा होऊ शकते म्हणाल्या. कुमारचा निरोपही सांगितला: मुलगी द्या, मग कोर्टाच्या परवानगीनं केस मागं घेतो आणि संमतीनं घटस्फोटही देतो. एकदा त्यानंच मागितलेली सोडचिठ्ठी आता तिनं पोरगी देऊन घ्यायची होती.

"मी जातो जेलात, हिला सोडा म्हणावं," धुळाप्पा म्हणाला.

"तसं नसतं, दादा."

"आन् पोरीला जज विचारतील ना?" तारामतीनं विचारलं.

"विचारतील. पण आई आत गेली तर मुलीनं कुणाकडं राहायचं, हेही विचारतील."

मांडीवरचं पोर अजून अंगावर पीत होतं. तारामतीनं सही केली.

बसस्टँडवर वाशीची गाडी लागली होती. कुमार पिशवी घेऊन पुढं झाला. करिश्मानं विचारलं, "आई, मला न्यायला कवा येशील?" तारामतीनं तिची रिबन सोडून पुन्हा बांधली. पोरगी रडेल, हात पसरेल आणि मग आपल्याच्यानं सोडवणार नाही, एवढंच तिला कळत होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून मामांचेच शब्द तोंडात आले.

"जा. मागं बघू नगस."

करिश्मा गुणाची पोर. खाली मान घालून चालत गेली, गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. गाडी सुटली, फाटकातून बाहेर पडली, तरी तिनं मान वळवली नाही. तारामती कडेवरचं पोर घट्ट धरून उभी होती आणि मनात एकच मागत होती, आज एकदा तरी पोरीनं आईचं ऐकू नये.