करी रोडचे खड्डे बघायला गेले

शुक्रवारी संध्याकाळी अहवालावर सही करायला पेन उघडलं आणि परत बंद केलं. मी भूगोल शिकवते. पर्यावरण आणि शाश्वत विकास हा माझा विषय, आणि राहते माटुंग्याला. जुन्या चाळी दुरुस्त करण्याआधी तिथली जमीन कशी आहे, पाणी कुठे मुरतं, याचा अभ्यास आमच्या विभागाकडे आला होता. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन मोबाईलवर फॉर्म भरले, मी ते वाचून अहवाल लिहिला. करी रोडच्या एका चाळीपुढे माझंच वाक्य होतं: पावसाळ्यात खड्डे पडतात, जमीन खचत असावी. हे सोमवारी गेलं की दुरुस्ती बारगळली, चाळ रिकामी, माणसं ट्रान्झिट कॅम्पात. आणि मी तिथे एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं! पाडून बांधण्यापेक्षा आहे ते नीट करा, असं वर्गात घसा कोरडा करून सांगणारी बाई मी. लाज वाटली. तो फॉर्म माझ्या एम.ए.च्या विद्यार्थिनीने, रुचाने भरला होता. तिला फोन लावला.

"उद्या सकाळी निघायचं."

"मॅम, उद्या शनिवार आहे."

"खड्ड्यांना सुट्टी नसते गं."

निघतोच आहोत तर आधी गिरगाव करू म्हटलं. फणसवाडीतली एक विहीर रुचाच्याच फॉर्मात 'बुजवलेली' होती, तीही डोळ्यांनी बघून घेऊ. माटुंग्याहून बस घेतली. तुम्ही जाणार असाल तर आठच्या आत निघा, खिडकी मिळते. वाडीत शिरलो तर बनियनमधले एक आजोबा तुळशीला पाणी घालत होते.

"बुजवली? कोण म्हणतं? झाकण घातलंय वरून. खाली पंप चालू आहे, आवाज ऐका."

ऐकला. रुचाचा चेहरा पडला. "मॅम, मला वाटलं, झाकलीये म्हणजे..."

तिला रागवायचं सोडून मला एकदम हायसं वाटलं. एक विहीर चुकू शकते, तर खड्डेही चुकू शकतात की! बिचारीला कोपऱ्यावर मिसळ खाऊ घातली, वर पियुष. दोघींचं पोटभर खाणं सिनेमाच्या एका तिकिटाहून स्वस्तात झालं. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर बोंब मारून उपयोग नाही.

तिथून बसनेच लालबाग. मसाल्याच्या गल्लीतून मुद्दाम गेलो आणि शिंकून शिंकून बेजार झालो. नाकाला रुमाल लावा, पण जा. रुचाच्या आईने संकेश्वरी मिरची सांगितली होती, ती घेऊन करी रोडकडे चालत निघालो. दहा मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना टॉवर, त्यांच्या सावलीत आमची तीन मजली चाळ.

ज्यांनी फॉर्मात उत्तरं दिली होती ते तावडेकाका दारातच उभे होते. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर काम केलेला माणूस. संपात नोकरी गेली, मग वॉचमनगिरी केली. काकूंनी पाणी पुढे केलं आणि आम्ही बसायच्या आतच विचारलं, "आमका ट्रान्झिट कॅम्पात धाडतलात काय?"

मी पेला खाली ठेवला. बाजूच्या चाळीतले लोक असेच पाहणीनंतर गेले होते, ते अजून परतलेले नाहीत. "आधी बघू तर द्या," एवढंच म्हणाले.

गवंडी पातळी बघायला वापरतात तसली पाण्याची नळी मी घेऊन गेले होते. तासभर आम्ही दोघी चौक, जोतं, जिन्याचा पाया मोजत होतो. पाणी दोन्ही टोकांना एकाच रेषेत! जोत्याला तडा नाही, फरशी जागच्या जागी. मग खड्डे गेले कुठे?

शेवटी विचारलंच. "काका, पावसात खड्डे कुठे पडायचे?"

"कसले खड्डे?"

"तुम्हीच सांगितलंत की हिला."

"मी? छ्या!"

रुचाने घाईघाईने मोबाईल काढला. तिचं सगळं इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं: pavsat khade padayche, aath daha divas. तिने ते "खड्डे" असं वाचूनही दाखवलं. मीही शुक्रवारपर्यंत तसंच वाचलं होतं.

काका असे हसले की ठसकाच लागला. "अगो, खाडे! गिरणीत खाडे पडायचे! गावाक भाताची लावणी असायची ना, सगळं खातं कोकणात. आठ-दहा दिवस खाडे. मुकादम शिव्या घालायचा!"

गैरहजेरीचे खाडे, आणि मी त्यांच्यावरून जमीन खचवून बसले होते! मी मटकन पायरीवरच बसले आणि मोठमोठ्याने हसले. रुचा रडवेली झाली होती, तिला जवळ ओढलं. म्हटलं, "तू एका अक्षरात चुकलीस, मी अख्ख्या विषयात चुकले." कोकणातले गिरणी कामगार लावणीला गावी जायचे, हे मी दरवर्षी शिकवते, परीक्षेत प्रश्नही घालते. तेच समोर आलं तर ओळखता आलं नाही.

हसू ओसरल्यावर काका म्हणाले, "संपात गावाक गेलो तो शेवटचा खाडा. परत आलो तर गेट बंद." मग काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. नको म्हणायची सोय नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

येताना परळ, दादर करत माटुंग्यापर्यंत पायीच आले. पाय दुखत होते, पण डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. काय घेऊन आले म्हणाल, तर एक साधा नियम: माणसाने सांगितलेलं त्याच्याच अक्षरांत लिहायचं, आणि नंतर त्याला वाचून दाखवायचं. सोमवारी वर्गात पहिली माझी चूक फळ्यावर लिहिणार आहे.

घरी पोचताच चहासुद्धा न घेता ते वाक्य खोडलं. तिथे लिहिलं: जमीन स्थिर आहे, दुरुस्ती करावी. सही केली आणि करी रोडला फोन लावला. काकूंनी उचलला. मी सांगितलं. पलीकडे खट्ट झालं. वाटलं, फोन कटला. तेवढ्यात लांबून त्यांचा आवाज आला, फोन तसाच टाकून त्या गॅलरीत धावल्या होत्या आणि अख्ख्या चाळीला ओरडून सांगत होत्या, "आपल्याक खंय जावचा नाय गो! खंय जावचा नाय!"