पाहुण्यापुढे नुसता कसावा

आमच्या बेटावर लुसेयानेच्या तोंडी कुणी लागत नाही. चटई विणताना तिच्या हातांपेक्षा जीभच जलद चालते. मुलगी परदेशात फळं तोडायला गेलेली; घरी ती आणि नात सेपिउता, दोघीच.

गेल्या साली राजधानीतून माणसं आली, कोण काय खातं ते विचारायला. नेमकी तेव्हाच गावातल्या सरदारांची मयत. मयतीला आमच्याकडे डुकरं कापतात, आठवडाभर सगळं गाव एका पंगतीला जेवतं. "काल काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. "डुकराचं मांस," आम्ही सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही. पण तेवढ्यावरून गाव खाऊनपिऊन सुखी ठरलं आणि शाळेतलं दुपारचं जेवण बंद झालं.

सेपिउता दुपारी वर्गात डोकं टेकून पडू लागली. लुसेयाने पेटली. बोटीनं राजधानी गाठून तिथल्या अधिकाऱ्याला, फिलिमोनेला, सगळ्यांदेखत म्हणाली, "मयतीच्या जेवणावरून जित्यांची पोटं मोजता होय रे?"

तो ओशाळला. पुन्हा पाहायला येतो म्हणाला.

झालं! पाहुणा येणार म्हणताच गावानं डुक्कर बांधून ठेवलं. पाहुण्यापुढे साधं जेवण म्हणजे आमच्याकडे घराची अब्रूच गेली. लुसेयानेनं डुक्कर सोडून दिलं. पाद्रीसाहेबांची बायको कापडाआड कोंबडी घेऊन आली.

"अगं, निदान एवढी तरी शिजव. लोक काय म्हणतील?"

"लुसेयाने चिकट आहे म्हणतील. म्हणू देत. वहिनी, तुमच्या या कोंबडीपायी पोरं वर्षभर उपाशी राहतील."

फिलिमोने चटईवर बसला. तिनं उकडलेला कसाव्याचा कंद आणि मीठ ठेवलं. मी शेजारीच होते. जेवणाआधी आम्ही नुसतं 'अन्नाबद्दल आभार' म्हणतो. त्या दिवशी ती म्हणाली, "देवा, या कसाव्याबद्दल आणि या मिठाबद्दल तुझे आभार."

तो जेवेना, दाराकडे बघत राहिला.

"वाट बघू नका साहेब. मागून काही येत नाही."

त्यानं कंद मोडला. "रोज हेच?"

"आत्ता विचारलंत! हे तेव्हा विचारायला काय झालं होतं?"

पुढच्या महिन्यात शाळेची चूल पेटली. गाव तिला अजून चिकट म्हणतं. आणि मधल्या काळात पोरं उपाशी बसली, ती कुणाच्या मोजणीत आहेत, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.