कूलरच्या जाळीला बांधलेला स्पीकर

मे महिन्यात साताऱ्याहून नागपूरला कोणी हौसेने जात नाही. मला आईने गाडीत बसवून दिलं. नागपूरची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, रोज दुपारी फोनवर बोलायची ती बोलेनाशी झाली होती. आईने काही विचारलं की पलीकडून ‘हं? काय?’ यायचं आणि फोन बंद. ‘ताई माझ्यावर रागावलीय’ असं ठरवून आईने जेवण निम्म्यावर आणलं होतं. चौकशी समिती म्हणून माझी नेमणूक झाली.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि कोणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडलं. रिक्षावाल्याने तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. ‘फार ऊन आहे हो,’ मी म्हटलं.

‘आज कुठं मॅडम? आज तर हवा चालून राहिली.’

ती हवा माझ्या भुवया भाजत होती.

नंदनवन भागातल्या घरी मावशी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मधल्या खोलीत पलंगावर पडलेली. खिडकीत म्हशीएवढा लोखंडी कूलर घरघरत होता. मला बघताच मावशीने ओरडून विचारलं, ‘तुझी आई माझ्याशी नीट बोलत का नाही गं? मी काय केलंय तिचं?’

म्हणजे रागावलं कोणीच नव्हतं. मावशीला आधीच कमी ऐकू येतं, त्यात दोघींच्या मध्ये कूलर बोलत होता.

‘मग फोनपुरता बंद करा ना तो,’ मी म्हटलं. मावसाजींनी (मावशीच्या यजमानांनी) घर विकायला काढा म्हटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

‘मे महिन्यात कूलर बंद? पागल झाली काय वं?’

त्यांची योजना तयार होती. एक छोटा स्पीकर आणायचा, फोनला जोडायचा आणि थेट कूलरच्या जाळीला बांधायचा. ‘हवेसंगं आवाजबी सरळ तिच्या कानात!’ आधीचा एक स्पीकर जाळीतून उडणाऱ्या पाण्याने शहीद झाला होता, म्हणून आता वॉटरप्रूफ हवा. उशीशी ठेवा की, असं मी सुचवून पाहिलं. पण मावसाजी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाल्ले. तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) ‘थोडीच’ वाढून घेतली आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मावसाजींबरोबर बर्डीच्या बाजारात पोचले. पहिल्या दुकानातला स्पीकर असा दणाणला की काउंटरवरची पेनं नाचायला लागली.

‘याच्यात नुसती धमधम आहे,’ मावसाजी म्हणाले. ‘माणूस कुठं आहे?’

दुसऱ्या दुकानात रंगीत दिवे लुकलुकणारा निघाला. ‘मले लग्नाच्या वरातीत नाई न्यायचा!’

तिसऱ्या दुकानात मात्र साबणाच्या वडीएवढा एक गरीब स्पीकर मिळाला.

‘पाण्यात पडला तरी चालते,’ दुकानदार म्हणाला.

‘मंग टाक ना गा बकेटीत.’

‘घेतल्यावर टाका ना काका, आधी काहून?’

मावसाजींची नजर दुकानाच्याच कूलरवर गेली. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी स्पीकर त्याच्या जाळीत खोचला, आपल्या फोनला जोडून घेतला आणि मला बाहेर पिटाळलं. ‘तिथून फोन लाव. तुझ्या आईवानी बोल.’

भर उन्हात फुटपाथवर उभी राहून मी शेजारणीचा नळ, पातळ दूध आणि माझंच न ऐकणं यांवर आईच्या आवाजात तक्रारी केल्या. येणारेजाणारे जरा लांबून जात होते. फोनमधून मला नुसती घरघर ऐकू येत होती. मी नेटवर्कला शिव्या दिल्या. काचेच्या दारामागे मावसाजी दोन्ही हात वर करून नाचत होते.

‘साफ ऐकू येऊन राहिलं! लय बोलते तू!’

दुपारी त्यांनी परकराच्या नाडीने स्पीकर जाळीला बांधला आणि आईला फोन लावला. वाळ्याच्या गार वासाबरोबर आईचा आवाज खोलीभर पसरला, ‘ताई, रागावलीस का गं माझ्यावर?’

दुखरा पाय विसरून मावशी उठून बसली. ‘अगं नाही गं बाई, हा मेला कूलर!’ पदराने डोळे पुसत ती हसत होती. माझेही डोळे भरून आले, आणि आता तर्रीवर ढकलायची सोय नव्हती. आई मात्र थांबेचना. ‘केवढी ती घरघर! भाऊजींना म्हणावं, नवा कूलर घ्या. जन्माचे चिक्कू!’ हे शेजारच्या तीन घरांनी तरी ऐकलं असेल. मावसाजी नाडीची गाठ आवळत राहिले.

मोहीम फत्ते झाली म्हणून मी ऐटीत साताऱ्याला परतले. दुपारी आई फोन कानाला लावून बोलत सुटली होती. जेवण नेहमीसारखं झालेलं, तब्येत खूश. कौतुकाने मीही कान लावला. आत नुसती घरघर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्पीकर नुसता बोलत नाही, आतल्या माइकने ऐकतोही. आणि त्याचा कान आम्ही कूलरच्या तोंडात बांधून आलो होतो.

‘तुला मावशीचं काही ऐकू येतं?’

‘अक्षर नाही.’

‘अगं, मग मावसाजींना सांगते, तो उशीशी ठेवा...’

आईने फोन ओढून घेतला. ‘खबरदार! जन्मल्यापासून ती बोलतेय आणि मी हं हं करतेय.’

तेवढ्यात मावसाजींचा मेसेज आला. तो म्हणे रोज येतो. ‘ऐकून राहिली. हसून राहिली. तुमी बोलत राहा.’

आईने तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या घरघरीला म्हणाली, ‘तर काय सांगत होते, ताई...’